तुझी शिफ्ट कोणती?

२ एप्रिल २०२५, बुधवार. भूम

बोर्डाचे पेपर संपले की मुलं मोकळी होतात, हे आता फक्त आर्ट्सवाल्यांच्या बाबतीत खरं. आमच्या कॉलेजातली सायन्सची पोरं आजही कॉम्प्युटर लॅबमध्ये होती. इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेशपरीक्षेला, म्हणजे सीईटीला, अजून दोन आठवडे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच पोरांनी बोटं दुखेपर्यंत निळ्या पेननं पुरवण्या भरल्या. एप्रिलमध्ये उत्तरासाठी त्यांच्यापुढे पेन नाही, उत्तरपत्रिका नाही, नुसता स्क्रीन असणार. २०१९पासून आपली सीईटी संपूर्ण कॉम्प्युटरवर होते. जेईई मेनही त्याच वर्षापासून. आजच तिचा दुसरा टप्पा सुरू झाला.

ईट गावची एक मुलगी आहे. वडिलांची खव्याची भट्टी. पोर गणितात इतकी चोख की इंटिग्रेशनचं उदाहरण फळ्यावर लिहून पुरं होईस्तोवर तिचं उत्तर तयार असतं. आज मॉक टेस्टला बसवली, तर तिनं पहिल्या प्रश्नाचा ‘ब’ पर्याय निवडण्यासाठी मॉनिटरवर बोट टेकवलं. काही होईना म्हणून जरा दाबून टेकवलं. घरात मोबाइल आहे, त्यावर ती सफाईनं सगळं करते. माऊस मात्र कधी हातात आलेला नाही. मग माऊस धरायला दिला. ती स्क्रीनकडे बघायची सोडून हाताकडे बघत होती. बाण ‘ब’वर नेऊन क्लिक करायला बोट दाबलं की सगळा माऊसच सरकायचा आणि ‘क’ निवडला जायचा.

तिला गणित येतं. चुकतं ते बोट. निकालपत्रावर मात्र दोन्ही चुका सारख्याच दिसणार.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१५ आणि २०१६ साली शालेय परीक्षा काही शाळांत कागदावर आणि काही शाळांत कॉम्प्युटरवर झाली होती. अभ्यासकांनी दोन्हीकडचे निकाल ताडून पाहिले. कॉम्प्युटरवर पेपर देणारी मुलं मागे पडलेली दिसली, गणितात कमी आणि भाषेत जास्त. दुसऱ्या वर्षी तफावत बरीच घटली, कारण मुलं सरावली. म्हणजे हा फरक बुद्धीचा नव्हता, सवयीचा होता. सवय करून देणं माझ्या हातात आहे. उद्यापासून ईटची मुलगी रोज तासभर लॅबमध्ये बसणार, आणि पहिले काही दिवस गणित न सोडवता फक्त क्लिक करणार.

७ एप्रिल, सोमवार

स्क्रीनवर गणित सोडवणं हे वेगळंच कसब आहे आणि ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. कागदावर भूमितीची आकृती असली की पोरं त्यातच रेघ मारतात, कोन लिहितात, त्रिकोण पुरा करतात. स्क्रीनवरच्या आकृतीत रेघ मारता येत नाही. ती आधी रफ कागदावर उतरवावी लागते, आणि उतरवताना एखादी लांबी चुकली की पुढचं सगळं वाया. मी त्यांना शिकवते की वाक्य उतरवू नका, आकडे आणि खुणा तेवढ्या उतरवा. प्रश्नाचा क्रमांक रफवर आधी लिहा, म्हणजे परत वळायची वेळ आली तर शोधाशोध नको.

वेळेचं गणितही त्यांच्याकडून करून घेतलं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. एका प्रश्नाला चौपन्न सेकंद. मॅथ्सचे पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं. एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद, पण प्रत्येकाला दोन गुण. पहिला भाग संपला की दार बंद, त्यात परत जाता येत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उजव्या बाजूला प्रश्नांच्या क्रमांकांचे चौकोन दिसतात. उत्तर दिलं की हिरवा, बघून सोडला की लाल, नंतर बघू म्हणून खूण केली की जांभळा. माणकेश्वर गावच्या एका मुलाला हे चौकोन फार आवडले. तो म्हणाला, ‘मॅडम, कागदावर कुठला प्रश्न राहिला हे कळायचंच नाही, इथं लगेच दिसतं.’ खरं आहे त्याचं. कागदी ओएमआर उत्तरपत्रिकेवर एक गोल चुकून सुटला की खालचे सगळे गोल एकेक घर सरकायचे, आणि ते लक्षात येईपर्यंत शेवटची घंटा व्हायची. त्यापायी हुशार पोरं मागे पडलेली मी पाहिली आहेत. ते संकट टळलं, हे मला मनापासून चांगलं वाटतं.

दुपारी लाईट गेली आणि आमची मॉक मध्येच बंद पडली. पोरांचे चेहरे उतरले. त्यांना समजावलं की सेंटरवर उत्तरं सर्व्हरवर साठत जातात. मशीन बंद पडलं तर दुसऱ्या मशीनवर बसवतात आणि उरलेला वेळ होता तेवढाच पुढे मिळतो. फक्त घाबरायचं नाही, हात वर करायचा.

१२ एप्रिल, शनिवार

आज माऊसला सुट्टी. फळा, खडू आणि पर्सेंटाइल.

दरवर्षी हा तास मी घेते, आणि मला हा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा तास वाटतो. मुलांना सगळी सूत्रं पाठ असतात. त्यांचा स्वतःचा निकाल ज्या सूत्रानं लागतो, तेवढं मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

फळ्यावर मांडलं ते असं. सीईटी एका दिवशी सगळ्यांची होत नाही, कारण राज्यात तेवढे कॉम्प्युटरच एका वेळी मिळत नाहीत. म्हणून सकाळी एक शिफ्ट, दुपारी एक शिफ्ट, असे कित्येक दिवस. प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. पेपर वेगळा म्हणजे काठिण्यही थोडं वेगळं, कितीही काळजी घेतली तरी. मग सकाळचे गुण आणि दुपारचे गुण एकमेकांशेजारी ठेवून तोलता येत नाहीत. म्हणून गुण बाजूला ठेवायचे आणि प्रत्येकाची जागा त्याच्याच शिफ्टमध्ये शोधायची. तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण मिळालेली मुलं किती, त्याला शिफ्टमधल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभरनं गुणायचं. एवढंच.

समजा एका शिफ्टला अठ्ठावीस हजार मुलं बसली. तुला दोनशेपैकी १२४ मिळाले. १२४ किंवा त्याहून कमी गुणांची मुलं सव्वीस हजार सहाशे निघाली. तुझा पर्सेंटाइल ९५. दुसऱ्या दिवशीचा पेपर अवघड आला. तिथंही अठ्ठावीस हजार मुलं, आणि ११२ किंवा त्याहून कमी गुणांची मुलं बरोबर सव्वीस हजार सहाशे. त्या ११२वालीचाही पर्सेंटाइल ९५. म्हणजे तुझे १२४ आणि तिचे ११२ सारखे.

माणकेश्वरचा मुलगा उभा राहिला. ‘मग माझे बारा मार्क गेले कुठं?’

मी त्याला म्हटलं, ते बारा मार्क सोप्या पेपरानं दिले होते, पेपरानंच काढून घेतले. तो बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. आणि ते होऊ नये असंच मला वाटतं, कारण त्याच्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडली आहे. हे सूत्र एका गृहीतावर उभं आहे. दोन्ही शिफ्टमधली मुलं एकंदरीत सारख्याच तयारीची आहेत, हे ते गृहीत. अठ्ठावीस हजार मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली तर मधल्या गर्दीत हे गृहीत चांगलं टिकतं. संभाव्यताशास्त्र तिथं आपल्या बाजूनं असतं. पण शेंड्यावर गर्दी नसते. अठ्ठावीस हजारांत ९९.९९च्या वर दोन-तीनच मुलं उरतात. एक मुलगा म्हणजे ०.००३५७ पर्सेंटाइल. तुझ्या शिफ्टला एखादी जास्तीची हुशार मुलगी येऊन बसली की तिच्या मागचा शेंड्यावरचा प्रत्येक जण जवळजवळ तेवढ्यानं खाली. पुण्याच्या सीओईपीला किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला कॉम्प्युटर शाखेसाठी ९९च्या पुढच्या दशांशांवर प्रवेश ठरतात. म्हणून तर पर्सेंटाइल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत काढतात. इतका बारीक काटा सूत्रानं दिला खरा, पण तेवढ्या बारीक फरकाला तेवढाच अर्थ आहे का, हे सूत्र सांगत नाही.

आणखी एक सांगितलं. शिफ्टमध्ये पहिला येणाऱ्याला १००च मिळतात, मग त्याला १७० पडोत की १९९. हे ऐकून वर्गात गलका झाला.

१९ एप्रिल, शनिवार. सोलापूर

इंजिनिअरिंग ग्रुपचा पहिला दिवस, आणि आमच्या काही मुलांची सकाळचीच शिफ्ट. नऊचा पेपर, पण साडेसातपासून गेटवर हजर राहायचं. भूमहून पहाटेची एसटी धरून बार्शी, वैराग करत ते जमणं शक्य नाही. त्यामुळे काल संध्याकाळीच आलो. मुलं नातेवाइकांकडे पांगली. ज्यांचं सोलापुरात कुणी नव्हतं ती माझ्या मावशीकडे.

सेंटर गावाबाहेरच्या एका कॉलेजात. गेटवर हॉल तिकीट, ओळखपत्र, मग फोटो. आत जाताना पोरांच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं. पेपरला जाणारं पोर असं रिकाम्या हातांनी आत जाताना बघायची सवय अजून मला झालेली नाही.

बोर्डाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या परिरक्षक कार्यालयात मी काम केलं आहे. सीलबंद पाकिटं, त्यांच्यावर सह्या, रनरबरोबर केंद्रावर जाणारी गाडी, पाकीट कुणी, किती वाजता, कुणासमोर फोडलं त्याची नोंद. प्रश्नपत्रिका जितक्या हातांतून जाते तितक्या जागी ती फुटू शकते. मेडिकलच्या २०२४च्या नीट परीक्षेत तेच झालं, आणि तपासाचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले. कॉम्प्युटरच्या परीक्षेत छापखाना नाही, पाकीट नाही, गाडी नाही. कुलूपबंद फाइल सेंटरच्या सर्व्हरवर उतरते आणि वेळेला उघडते. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचे प्रश्नही एकाच क्रमानं येत नाहीत. फुटीच्या वाटा त्यानं पुष्कळ कमी झाल्या, हे कबूल केलंच पाहिजे.

बारानंतर पोरं बाहेर आली आणि दुपारच्या शिफ्टची पोरं त्यांच्या भोवती जमली. ‘कसा होता? मॅथ्स अवघड होतं का?’ पूर्वी पेपर सुटला की सगळे एकाच पेपरावर भांडायचे, एकच उत्तर पडताळायचे. आज सकाळच्यांचा पेपर दुपारच्यांच्या उपयोगाचा नव्हता. तरी ती विचारत होती. भिंतीच्या सावलीत बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, ‘बाई, ह्यांचा पेपर येगळा अन् त्यांचा येगळा, मग नंबर कसा लावत्यात?’ गेल्या शनिवारचा अख्खा तास त्यांना थोडक्यात सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हे पोरांस्नी म्हाईत हाय का?’

ईटची मुलगी हसत बाहेर आली. माऊस सरकला नाही म्हणाली. दुपारच्या शिफ्टला माणकेश्वरच्या मुलाचं मशीन मध्येच अडकलं. त्यानं हात वर केला, दुसरीकडे बसवलं, वेळ तेवढाच मिळाला. पण बसून पुन्हा लय धरायला त्याला दोन-तीन प्रश्न गेले. त्याची नोंद कुठल्या सर्व्हरवर होणार?

२१ एप्रिल, सोमवार

मोबाइलवर पोरांनी आठवणीतून उतरवलेले प्रश्न फिरताहेत. त्याबरोबर निवाडेही: अमुक तारखेची सकाळ सोपी, तमुक तारखेची दुपार जीवघेणी. ज्यांचा पेपर अजून व्हायचा आहे ती हे वाचून झोप घालवतात. तुझी शिफ्ट कोणती, हा प्रश्न आता तुला किती पडले याच्या आधी विचारला जातो.

गेल्या नोव्हेंबरात प्रयागराजला उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या दारात हजारो उमेदवार याच कारणानं बसले होते. एक दिवस, एक शिफ्ट, ही त्यांची मागणी. नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टचे गुण सूत्रानं जुळवून घेणं, नको. आयोगाला पूर्वपरीक्षेपुरतं ते मान्य करावं लागलं. त्या मुलांना सूत्र समजत नव्हतं म्हणून ती चिडली, असं तेव्हा बरेच शहाणे म्हणाले. मला तसं वाटत नाही. ज्या हिशेबात आपले गुण दिसत नाहीत, इतरांचे दिसत नाहीत, नुसतं उत्तर हातात येतं, त्या हिशेबावर विश्वास ठेवा असं वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन उरकून वर्तमानपत्र चाळलं. सीईटीच्या २७ एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टमध्ये गणिताच्या एकवीस प्रश्नांचे पर्याय चुकले होते. त्या शिफ्टची फेरपरीक्षा ५ मे रोजी. बसलेली मुलं सुमारे सत्तावीस हजार.

आमचं कुणी त्या शिफ्टला नव्हतं, तरी दिवसभर डोक्यात तेच होतं. पन्नासपैकी एकवीस प्रश्न. त्या पोरांनी उत्तर काढलं असेल, पर्यायांत ते नाही, पुन्हा काढलं असेल, पुन्हा नाही. एकशे आठ सेकंदांच्या प्रश्नाला चार मिनिटं. हुशार पोराचं नुकसान सर्वांत जास्त, कारण ते पोर उत्तर सापडेपर्यंत सोडत नाही. चार चांगल्या विद्यार्थ्यांनी तो पेपर आधी वेळ लावून सोडवून पाहिला असता तर पहिल्या दहा मिनिटांत हे उघड झालं असतं.

फेरपरीक्षा ठेवली, हे योग्यच झालं. पण गणित शिकवणारीला त्यातला एक पेच दिसतो. ५ तारखेला सगळी येणार नाहीत. कुणी जेईईतून निश्चिंत झालं असेल, कुणी पेपर वाईट गेला म्हणून नाद सोडला असेल, कुणाकडे पुन्हा गाडीभाड्याला पैसे नसतील. न येणाऱ्यांत तळातली मुलं जास्त असली तर उरलेल्यांची स्पर्धा एकदम तगड्यांशी होते, आणि तेवढ्याच तयारीच्या मुलीचा पर्सेंटाइल खाली येतो. तिनं काहीच चुकीचं केलेलं नसताना. सूत्र तेच, छेदातला आकडा बदलला.

४ मे, रविवार

आज नीट, तीही कागदावर. देशभरातली वीस लाखांहून जास्त मुलं एकाच दुपारी दोन ते पाच. मेडिकलवाली आमची मुलं धाराशिवला गेली होती. गेल्या वर्षीच्या गोंधळानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांची समिती नेमली गेली. कागदावरून कॉम्प्युटरकडे जा, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं परीक्षाकेंद्रं म्हणून वापरा, दुर्गम भागात फिरती केंद्रं न्या, असं तिनं सुचवलं. तेही लगेच होण्यातलं नाही, कारण अडचण खुर्च्यांची आहे. एका वेळी दीड लाख मुलं बसवता आली तर बावीस लाखांना पंधरा शिफ्ट लागतात. पंधरा शिफ्ट म्हणजे पंधरा पेपर. आज जी गोष्ट इंजिनिअरिंगवाले सोसतात ती डॉक्टरकीवाल्यांच्या वाट्याला येणार. खुर्च्या किती, यावर पेपर किती ते ठरतं, आणि पेपर किती यावर न्याय कसा ते.

गोल काळा करायची पद्धतही एकेकाळी नवीच होती. १९३८ साली आयबीएमनं उत्तरपत्रिका तपासायचं पहिलं यंत्र विकायला काढलं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, एवढ्या गोष्टीवर ते चालायचं. त्यामागची कल्पना रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या मिशिगनमधल्या शाळाशिक्षकाची. हाच माणूस पुढे आयबीएममध्ये पहिली हार्ड डिस्क तयार करणाऱ्या चमूचा प्रमुख झाला. शिक्षकाच्या डोक्यात निघालेल्या यंत्रानं जगभरची परीक्षा बदलली. उत्तर यंत्राला वाचता यावं म्हणून पर्यायांचे प्रश्न सगळीकडे पसरले, आणि पायऱ्या मांडून दाखवायचं गणित मागे पडलं. कॉम्प्युटर आल्यावर तरी ते परत येईल असं मला वाटलं होतं. अजून तरी सीईटीच्या स्क्रीनवरही चारच गोल आहेत.

संध्याकाळी नणंदेचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल. भाचीनं काल कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा दिली, तिच्याच शाळेत, तिच्याच लॅपटॉपवर. गेल्या वर्षीच्या मार्चपासून अमेरिकेत सॅट कागदावर होत नाही. तीन तासांची परीक्षा आता दोन तास चौदा मिनिटांवर आली आहे. पहिला भाग सगळ्यांना साधारण मिश्र, तो जसा जाईल त्यावर दुसरा भाग अवघड किंवा सोपा. एकाच खोलीतल्या मुलांना वेगवेगळे प्रश्न. मी तिला विचारलं, ‘मग शेजारणीचा पेपर सोपा होता, अशी तक्रार कुणी करत नाही का गं?’ ती म्हणाली, ‘करतात ना मामी, पण सोपं आलं तर स्कोअरही फार वर जात नाही.’ तिथं हे चालतं, कारण प्रश्न गुणांत धरण्याआधी तो मुलांवर अजमावलेला असतो. किती जणांना आला, कशा मुलांना आला, यावरून त्याचं वजन आधीच ठरलेलं असतं. आपण मुलांना आपसांत तोलतो. ते प्रश्नाचं वजन आधी करतात आणि मग मुलाला त्या प्रश्नांवर तोलतात. याला पैसा लागतो, वर्षं लागतात, प्रश्नांचं मोठं भांडार लागतं. पण वाट माहीत आहे.

५ मे, सोमवार

दुपारी एकला बारावीचा निकाल. राज्याचा ९१.८८ टक्के. आणि आजच ती फेरपरीक्षा. ज्यांना दोन्ही भोगावं लागलं त्या पोरांचा आजचा दिवस कसा गेला असेल?

इंदूरला काल नीटच्या वेळी वादळी पाऊस होऊन वीज गेली. मुलांनी अंधुक उजेडात गोल काळे केले. कागद असो की स्क्रीन, खोलीत उजेड तर हवा.

२३ मे, शुक्रवार

आन्सर की लागली आहे. आपापली रिस्पॉन्स शीट उघडून गुण मोजायला पोरं लॅबमध्ये जमली. कॉम्प्युटरच्या परीक्षेनं दिलेली ही मोठीच देणगी. बोर्डात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला अर्ज आणि शुल्क. इथं आपण कोणत्या प्रश्नाला काय क्लिक केलं ते घरबसल्या दिसतं.

ईटच्या मुलीनं एका प्रश्नावर बोट ठेवलं, या वेळी वहीतल्या. ‘मॅडम, कीमधलं उत्तर बरोबर नाही.’ सदिशांचं उदाहरण होतं. मी सोडवलं, फिजिक्सच्या सरांनी सोडवलं. पोरीचं बरोबर. आक्षेप नोंदवायला प्रश्नामागे हजार रुपये. जेईईत दोनशे असतात. तिचे वडील तिथंच उभे होते. हजार रुपये म्हणजे त्यांचे किती लिटर दूध आटवायचे, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर होता. ‘दोन मार्कासाठी भरावं का मॅडम?’ स्टाफरूममध्ये आम्ही पैसे जमवले आणि भरले. पण सगळ्या गावांत गणिताचे शिक्षक स्टाफरूममध्ये भेटत नाहीत. चूक दाखवून देणं हे पोरीनं परीक्षेवर केलेलं उपकाराचं काम आहे, त्याची फी कशाची?

३१ मे, शनिवार

सर्वोच्च न्यायालयानं काल सांगितलं की डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी एकाच शिफ्टमध्ये घ्या. दोन पेपर कधीच सारख्या काठिण्याचे असू शकत नाहीत, आणि नॉर्मलायझेशन हा अपवाद म्हणून ठीक, दरवर्षीचा रिवाज म्हणून नाही. फिजिक्सच्या सरांनी सकाळीच फोन केला. आता सीईटीचंही तसंच व्हायला हवं म्हणाले.

मला ते इतकं सरळ दिसत नाही. पीजीला साधारण अडीच लाख डॉक्टर. ओढूनताणून त्यांच्यापुरत्या खुर्च्या एका दिवशी जमवता येतील. सीईटीच्या दोन्ही ग्रुपांना मिळून सात लाखांवर अर्ज. एका शिफ्टचा हट्ट धरला तर कुठलीही खोली, कुठलंही सायबर कॅफे सेंटर म्हणून घ्यावं लागेल, आणि त्याचा त्रास पहिल्यांदा आमच्यासारख्या तालुक्यांना. एका दिवसात परीक्षा व्हावी म्हणून भूमच्या मुलीला नागपूरचं सेंटर आलेलं मला चालणार नाही. अनेक शिफ्ट राहू देत. पण मग त्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर छापून द्या.

१६ जून, सोमवार

शाळा-कॉलेजं सुरू झाली आणि आजच इंजिनिअरिंग ग्रुपचा निकाल लागला. ईटची मुलगी ९७च्या पुढे. माणकेश्वरचा मुलगा ९५च्या आसपास. रिस्पॉन्स शीटवरून मोजले तर कच्च्या गुणांत तो तिच्या चार गुणांनी पुढे होता. शिफ्ट वेगळ्या, क्रम उलटा. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही एप्रिलमध्येच सांगितलं होतं. तिची शिफ्ट अवघड होती, मला मान्य आहे. पण किती अवघड होती, ते मला कुठं बघायला मिळेल?’

त्याला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून दुपारी पत्र लिहायला घेतलं, परीक्षा घेणाऱ्यांना. त्यात मागितलं ते असं: निकालाबरोबर प्रत्येक शिफ्टचा तक्ता प्रसिद्ध करा. कच्चे गुण किती, त्याला पर्सेंटाइल किती, शिफ्टला मुलं किती बसली. नावं नकोत, नुसते आकडे. प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांना आला तेही द्या, म्हणजे आम्हा शिक्षकांना काय शिकवायचं राहिलं ते कळेल. गुणांत धरण्याआधी प्रश्न अजमावून बघायची सुरुवात करा, थोड्या प्रश्नांपासून का होईना. आक्षेप बरोबर निघाला तर पैसे परत करा. आणि प्रत्येक तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात चालू स्थितीतली लॅब द्या, इन्व्हर्टरसकट, जिथं अकरावीपासून कुठल्याही मुलाला येऊन बसता येईल.

फिजिक्सचे सर म्हणाले, एवढं मोठं पत्र कोण वाचतंय. तरी त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक मागणी घातली: फेरपरीक्षा झाली तर गैरहजर राहिलेल्या मुलांचा आकडा वेगळा द्यावा. केमिस्ट्रीच्या मॅडमची आणि प्राचार्यांची सही संध्याकाळी झाली. माणकेश्वरचा मुलगा विचारत होता, विद्यार्थ्यांना सही करता येते का. मी त्याला खालची अर्धी जागा मोकळी ठेवून दिली आहे.